खुंट आणि कलम



तुळशीचे लग्न लागले की आमच्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात मांडव पडू लागतात. गेल्या हंगामात डोंबिवलीच्या पूर्वेकडील एका गावी हळदीला गेलो होतो. बँडवाल्यांनी एक चाल धरली आणि पोरे अंगणात उतरली. शेजारी बसलेला आठवीतला मुलगा म्हणाला, "आजोबा, 'चिकनी चमेली' लागली!" त्याचा काका लगेच उसळला, "अरे, चमेली कसली? ती आपली 'कोंबडी पळाली'!"

दोघांचेही खरे होते. चाल एक, पण बारशी दोन. 'कोंबडी पळाली' हे गाणे २००६ सालच्या 'जत्रा' या मराठी चित्रपटातले. संगीत अजय-अतुल यांचे आणि गळे आनंद शिंदे व वैशाली सामंत यांचे. आनंद शिंदे म्हणजे आपल्या कल्याणच्या प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. पुढे २०१२ साली 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात त्याच संगीतकारांनी तीच चाल पुन्हा घेतली. श्रेया घोषाल यांनी ती गायली आणि ती देशभर गेली. महाराष्ट्राबाहेरच्या ज्या माणसाने 'जत्रा'चे नावही ऐकले नाही, त्याला आता चमेलीच मूळ वाटते.

तुमच्यापैकी ज्यांच्या बागेत आंब्याची कलमे आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. खाली रायवळ आंब्याचा खुंट असतो, वर हापूसची काडी. फळ हापूसचे, नाव हापूसचे, बाजारात भावही हापूसचा. पाणी मात्र खुंटाची मुळेच ओढतात. गाण्यांच्या बागेतही अशी कलमे फार आहेत.

गोव्याचेच उदाहरण घ्या. कार्लुस उजेनियु फेर्रैर (१८६०-१९३२) यांनी रचलेले 'हांव सायबा पोलतडी वैता' हे कोकणी देखणी गीत १८९५ साली पॅरिसमध्ये प्रथम छापले गेले. एका कलावंतिणीला नदीपलीकडे लग्नाला जायचे आहे. ती नावाड्याला विनवते, अंगावरचे दागिने देऊ करते. पुढे १९७३ साली राज कपूर यांच्या 'बॉबी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ती चाल 'ना मांगूँ सोना चाँदी' या गाण्यात आणली. खेड्यापाड्यांतल्या तंबू थिएटरांतही ती वाजली. गोव्यातला माणूस आजही मूळ गीत ओळखतो. पण इतर ठिकाणी किती जणांना ती नदी, तो नावाडी आणि फेर्रैर हे नाव ठाऊक असेल?

म्हणून दुसऱ्यांदा गायलेले गाणे म्हणजे चोरी, असे समजून नाक मुरडू नका. चांगला गळा मिळाला, वाद्ये मिळाली, वेशीबाहेर जायला वाहन मिळाले की तीच चाल उजळून निघते. नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' हा अभंग पिढ्यान् पिढ्या दिंडीत म्हटला जात होता. राम फाटक यांनी त्याला नवी चाल दिली, पंडित भीमसेन जोशी यांनी ती गायली, आणि आता गावचे भजनी मंडळही त्याच चालीवर टाळ धरते. त्यात वाईट काही नाही. विठ्ठल तोच आहे. फक्त आपल्या गावची जुनी चाल कोणती होती, हे बुवांना विचाराल तर कधी कधी तेही डोके खाजवतात.

या बाबतीत आपले जुने नाटकवाले मोठे सरळ होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. अशा नाटकांची जुनी छापील प्रत कुठे मिळाली तर उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि पुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे पहिले शब्द. कुठे लावणी असेल, कुठे कानडी पद. त्या जुन्या गाण्यांतली कितीतरी आज कोणाच्या तोंडी नाहीत, पदे मात्र अजून रंगतात. तरीही त्या एका ओळीत खुंटाचे नाव राहिले. घेणाऱ्याने कोणाकडून घेतले ते सांगून ठेवले.

आता पुन्हा त्या हळदीकडे येतो. बँड दमला आणि मोठमोठे डबे सुरू झाले. हळदीचे एक नवे गाणे लागले. मांडवाच्या मेढीला टेकून एक म्हातारी बसली होती. तिचे ओठ हलताना दिसले, म्हणून जवळ जाऊन कान दिला. ती त्याच चालीवर निराळेच शब्द म्हणत होती, अगदी संथ लयीत. ती गावची धवलारीण निघाली. आगरी लग्नात एकेका विधीला धवले म्हणण्याचा मान धवलारणीचा. ही चालरीत लहानसहान नाही. तेराव्या शतकात महदाइसेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे रचले, त्याच नावाचा हा वारसा.

मी विचारले, "आजी, मोठ्याने का म्हणत नाही?" ती हसून म्हणाली, "बाला, त्या डब्याचे म्होरं माजा गला कवरा चालंल?"

तिच्याकडून शिकलेली दुसरी बाई त्या गावात नाही. सुनांना कामावर जायची लोकल गाठायची असते, नातींना शब्द कळत नाहीत. नव्या गाण्याने तिला हरवले, असे मी म्हणणार नाही. ते गाणे पोरांना आवडते आणि ते छानही आहे. पण 'सौभद्र'च्या पदावर निदान 'चाल' म्हणून एक ओळ होती. या गाण्यावर कोणती ओळ आहे? आणि खुंटच वाळला तर पुढची कलमे कशावर बांधायची?

तेव्हा यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर एवढे करा. डबे सुरू होण्यापूर्वी अर्धा तास माइक घरातल्या किंवा आळीतल्या म्हातारीच्या हाती द्या. धवले असोत, घाण्याच्या ओव्या असोत, जे तिला येत असेल ते म्हणू द्या. घरातल्या पोराच्या हाती मोबाइल असतोच, त्याला ते भरून घ्यायला सांगा. मग वहीत गाण्याचे शब्द लिहा आणि डोक्यावर तिचे नाव, गावाचे नाव आणि ती कोणाकडून शिकली, हेही लिहून ठेवा.

त्यानंतर डबे खुशाल लावा आणि पोटभर नाचा. त्या मुलाला मी हेच सांगितले. तो उठला, मेढीपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आजी, परत म्हणा ना."