चिटणिसाची वही

फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहाला हिंदुस्थानात अनेक गावी लोक ‘जादूघर’ म्हणत. बंद दाराआड काय चालते हे ठाऊक नसल्यामुळे पडलेले ते नाव. प्रत्यक्षात त्या दाराआड नेमाने चालणारे एक काम अगदीच बिनजादूचे होते, ते म्हणजे वहीलेखन. सभेचे इतिवृत्त, हजेरी, नव्या सभासदाचे नाव व व्यवसाय, त्याचा प्रस्तावक, वर्गणी, दानधर्माची रक्कम, हे सारे चिटणिसाने लिहावे, पुढील सभेत वाचावे आणि अध्यक्षाने त्यावर सही करावी, असा शिरस्ता होता.

मुंबईतील ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ १८४३ साली स्थापन झाले. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या युरोपीय बंधूंनी दार उघडले नव्हते. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढे स्कॉटिश शाखेचे पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हिंदी लोकांना प्रवेश देणारे हे लॉज निघाले. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना तर अनेक वर्षे झगडून १८७२ मध्ये प्रवेश मिळाला.

याच मुंबईच्या बंधुवर्गातील विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा यांची मेसन म्हणून पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा जीवनजी मोदी यांनी संपादिलेला गौरवग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांचे मोल आहेच. पण गौरवग्रंथ सत्काराच्या दिवशीचा चेहरा दाखवतो. कोणाचा अर्ज फेटाळला गेला, कोणाची वर्गणी थकली, कोणत्या विधवेस किती साहाय्य दिले, हे विचारायचे तर चिटणिसाच्या वहीकडेच जावे लागते. गुप्ततेचे कारण पुढे करून ती वही कपाटात कोंडणे योग्य नाही. विधीची गुपिते इतिवृत्तात लिहीतच नाहीत.

व्यापारी घराण्यांना एक गोष्ट विशेष पटेल. सभासदांच्या नावांची यादी लॉजकडून लंडन, एडिंबरो वा डब्लिनच्या मुख्य ग्रँड लॉजकडे जात असे. म्हणजे एकाच माणसाची नोंद दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा मेळ घालता येतो. लंडनच्या १९२१ पर्यंतच्या सभासद-नोंदवह्यांच्या प्रतिमा आता संगणकावर पाहता येतात. मात्र तेथे यादीच आहे, वादविवाद नाहीत. १९६१ मध्ये भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज झाले, काही लॉजेस जुन्याच शाखांकडे राहिली, आणि कागद आणखी विखुरले. पाकिस्तानात तर १९७२ मध्ये या संस्थेवर बंदी आली.

मुंबईच्या दमट हवेत वहीचे खरे वैरी कसर आणि वाळवी. त्यातच जुनी लोहयुक्त शाई काळांतराने कागदच खाते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे किंवा ते प्लॅस्टिकमध्ये बंद करणे म्हणजे रोगापेक्षा औषध जहाल. आधी पेन्सिलीने पानांचे क्रमांक घालावेत, सर्व पानांची छायाचित्रे घ्यावीत, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. डागडुजी मागाहून, जाणकाराच्या हातून. चिटणीस बदलला की वह्या त्याच्या घरीच राहतात आणि पुढची पिढी त्या रद्दीत घालते, असेही घडते. त्यासाठी वह्यांची पोच लिहून घ्यावी.

छायाचित्रांचे काम मात्र थांबवून चालत नाही. पगडीधारी बंधूंच्या समूहचित्रामागे नावे नसली, तर त्या दिवशीच्या हजेरीवरून कोण उपस्थित होते ते कळते. डावीकडून तिसरे कोण उभे आहेत, हे एखाद्या वृद्ध सभासदालाच सांगता येते.