लाखाच्या नाण्याचे आमिष

पाचोऱ्यातल्या जुन्या पेट्यांत अजूनही पाच-दहा पैशांची नाणी निघतात. मुलांना ती जरूर दाखवा. नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ हाताला लागली, तर टांकसाळीतला ठसा तडकला होता व त्या फटीत धातू शिरला, असे समजावे. रेघ खोल असेल, तर तो नुसता ओरखडा. सालाखाली चौकट असली, तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे.

पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. हौशी लोक ठशाच्या चुकीला थोडे जास्त मोल देतात, हे खरे. पण ‘लाखो रुपये देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर मायबहिणींनो, एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच याबाबत सावध केले आहे. घामाची मजुरी अशी घालवू नका, एवढेच आमचे सांगणे.