वजन वाढले, पुढे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांतील कोलाम पोडांवरील कुपोषणाची चर्चा बहुधा आहाराच्या पुरवठ्यापाशी थांबते. वस्तुतः तीव्र कुपोषित बालकाचे वजन वाढविण्याचे तंत्र आता अवगत आहे. वाढलेले वजन टिकविण्याची व्यवस्था मात्र कमकुवत आहे.

राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर राज्यात त्रिस्तरीय रचना उभी राहिली. गुंतागुंत असलेली बालके रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात वा आरोग्य केंद्रातील बाल उपचार केंद्रात दाखल होतात. उर्वरितांसाठी अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्र असते. तेथे मूल साधारण ३० दिवस दिवसभर थांबते, ठरावीक अंतराने अनेकदा खाते आणि रात्री घरी परतते. पाश्चात्त्य देशांत अॅनोरेक्सियाच्या रुग्णांसाठी असलेल्या दिवस-उपचारांचे तत्त्वही हेच. उपासमारीची कारणे सर्वस्वी भिन्न; पण उपचार दिवसा आणि कसोटी घरी, हे दोन्हीकडे समान.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार या टप्प्यात वजनात किलोमागे रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी वाढ असमाधानकारक, तर १० ग्रॅमपेक्षा अधिक उत्तम मानली जाते. म्हणजे सहा किलोच्या बालकाला रोज ३० ते ६० ग्रॅम कमवायचे असतात. चार दिवसांचे खाडे किंवा अतिसाराचा एक झटका ही कमाई बुडवतो.

खाडे का होतात? निंदणी आणि कापूस वेचणीच्या हंगामात आई पहाटेच शेतावर जाते. मुलाला पोडावरून अंगणवाडीत नेणे-आणणे म्हणजे रोजी बुडविणे. रुग्णालयात दाखल झाल्यास बुडीत मजुरीची भरपाई मिळू शकते. रोजच्या या फेऱ्यांचा हिशेब कोण ठेवतो? महिना संपला की मूल पुन्हा त्याच घरी, त्याच चुलीपाशी येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार उंचीच्या मानाने अत्यंत कमी वजन असलेल्या बालकांचे राज्यातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ९.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते १०.९ टक्क्यांवर गेले. केवळ महिनाभराच्या शिबिरांनी हा आलेख खाली येणार नाही.

केंद्राचे यश तिसाव्या दिवशीच्या काट्यावर न मोजता सहा महिन्यांनंतरच्या वजनावर मोजावे. हंगामात पोडावरच पाळणाघर चालवावे. अन्यथा कागदावर 'बरे' झालेले मूल पुढील पाहणीत पुन्हा त्याच यादीत दिसेल.