विश्लेषण : राखेचे काँक्रीट भक्कम, मग अडते कुठे?

घराच्या स्लॅबसाठी ‘पीपीसी’ सिमेंटची गोणी घेताना अनेकांना शंका येते : यात राख असते ना? असतेच. भारतीय मानकानुसार या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातील राख असते. पण ही भेसळ नव्हे.

राख कशासाठी?

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजतात. तेव्हा खुद्द चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे इंधन बदलूनही उत्सर्जन पूर्ण थांबत नाही. जगातील कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. राख किंवा पोलाद कारखान्यातील स्लॅग मिसळली, की तेवढी भाजलेली चुनखडी कमी लागते. शिवाय सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर तयार होणाऱ्या चुन्याशी राखेतील सिलिका संयोग पावते, बारीक छिद्रे बुजतात आणि काँक्रीटमध्ये पाणी कमी मुरते.

शेतातील कचऱ्याचे काय?

गोंदिया-भंडाऱ्यातील भातगिरण्यांमधून निघणारा कोंडा जाळला, तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. तिच्यात बहुतांश सिलिका असते. ‘आयएस ४५६’ या काँक्रीटच्या मानकाने २००० मध्येच तिला मान्यता दिली आहे. अडचण जाळण्याच्या पद्धतीत आहे. तापमान फार वाढले तर सिलिका निष्क्रिय होते, अर्धवट जळले तर राखेत कोळसा राहतो. साखर कारखान्यांतील बगॅसच्या राखेचीही हीच गत. प्रत्येक बॉयलरची राख वेगळी, त्यामुळे चाचणीशिवाय ती वापरणे धोक्याचे.

खरी अडचण साइटवर

राखमिश्रित काँक्रीटला ताकद येते, पण सावकाश. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचे असेल, तर मिश्र सिमेंटला किमान १० दिवस मारावे, असे मानक सांगते. १४ दिवसांची शिफारसही करते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आठवडा होताच पाणी बंद होते, सेंट्रिंगही घाईने काढले जाते. मग तडे गेले की खापर राखेवर फुटते.

राख न वापरण्याचीही किंमत आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. तलावात साठलेली राख शेजारच्या गावांच्या वाट्याला येते. काँक्रीटमध्ये गेलेली राख तिथेच बंदिस्त राहते.

पुढे काय हवे?

केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर राखेच्या पूर्ण वापराचे बंधन घातले आहे. कोंडा आणि बगॅसच्या राखेसाठीही गिरणी-कारखान्यांच्या दारातच चाचणी आणि प्रतवारी व्हायला हवी. सरकारी कामांच्या निविदेत पाणी मारण्याचे दिवस वेगळे मोजून त्याचे पैसे द्यावेत. आणि घर बांधणाऱ्याने गोणीत राख आहे का, यापेक्षा मिस्त्री किती दिवस पाणी मारणार, हे आधी विचारावे.