पडदा आमचा, प्रत कुणाची?

'टीव्ही बिघडला तर नवा घ्यावा, त्यात लिहिण्यासारखे काय आहे?' असे आम्हांला स्टाफरूममध्ये विचारले गेले. विचारणारे सहकारी एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवतात, म्हणूनच हे उत्तर देणे भाग आहे.

एका रविवारी आम्ही काही विद्यार्थ्यांना घरी बोलावले होते. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांतून एक चित्रपट (१९७९) कसा उभा राहिला, हे पाहायचे होते. स्मार्ट टीव्ही चालू केला, तो बोधचिन्हावर अडकला, मग स्वतःला अद्ययावत करत बसला आणि शेवटी ज्या अ‍ॅपवर चित्रपट होता ते या संचावर यापुढे चालणार नाही, असे त्याने कळवले. पडदा उत्तम होता. ध्वनी उत्तम होता. म्हातारा झाला होता तो आतला तुटपुंज्या स्मृतीचा संगणक, आणि तो बदलण्याची सोय निर्मात्याने ठेवलेलीच नव्हती.

याला बिघाड म्हणणे हा भाबडेपणा आहे. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९मध्ये सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही संचांची साथ सोडली, तेव्हा त्या संचांचे काही मोडलेले नव्हते. व्हिझिओ या कंपनीने तर प्रेक्षक काय पाहतात याची क्षणाक्षणाची नोंद त्यांच्या संमतीवाचून जमवली. २०१७ साली अमेरिकेत तिला २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. म्हणजे आपण संच पाहतो आणि संच आपल्याला पाहतो. आणि २००९ साली अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकलेल्या प्रती परस्पर पुसल्या, त्या ऑर्वेलच्या होत्या! असा योगायोग कादंबरीत आला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

आता आमचा उपाय. टीव्हीची इंटरनेट जोडणी आम्ही काढून टाकली; तो आता निव्वळ पडदा आहे. माळ्यावरच्या जुन्या संगणकात मोठी डिस्क घालून त्यावर जेलिफिन बसवले आणि टीव्हीच्या मागे एचडीएमआयने एक रास्पबेरी पाय जोडला, ज्यावर कोडी चालते. टीव्हीचाच रिमोट त्यालाही चालतो. जेलिफिनची जन्मकथा आमच्या सहकाऱ्यांना रुचावी : एम्बी नावाच्या प्रणालीने २०१८ साली आपली संहिता बंद केली, तेव्हा काहींनी तिची शेवटची खुली प्रत घेऊन नवी शाखा सुरू केली. परचक्रात 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून पाठ सिद्ध केले, असे परंपरा सांगते. ते पाठभेद आपण वर्गात गांभीर्याने शिकवतो. मात्र आपल्याच कपाटातल्या नाटकांच्या व्हीसीडी रद्दीत देतो.

'हे बेकायदा नाही का?' हा आक्षेप हमखास येतो. आम्ही स्वतः विकत घेतलेल्या तबकड्यांबद्दल बोलत आहोत. १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ खाजगी वापर व संशोधन यांसाठी रास्त उपयोगाला मुभा देते, आणि २०१२च्या दुरुस्तीने ती चित्रपटालाही लागू झाली. त्याच दुरुस्तीतील ६५-अ कलम कुलूप तोडणे दंडनीय ठरवते, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडले तर. आमच्या व्हीसीडींना कुलूपच नव्हते. मित्रांना वाटण्यासाठी जे नकला काढतात, त्यांची वकिली आम्ही करणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : हे सोपे नाही. आमचे दोन रविवार गेले. वीज गेली की सगळे ठप्प होते. डिस्क कधीतरी मरणारच, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी, ठेवावी लागते. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. मोठ्या पडद्यावर नटांचे चेहरे विरघळतात. तरीही संवाद स्वच्छ ऐकू येतात, आणि नाटकाच्या अभ्यासकाला हवा तो विराम नेमक्या जागी थांबवून दाखवता येतो. भाड्याच्या सेवांवर ही नाटके सापडली तर सापडली. उद्या असतील याची हमी कुणी देत नाही.

'सिंहासन' त्या विद्यार्थ्यांनी पुढच्याच महिन्यात पाहिला. एका जुन्या नाटकाच्या दुसऱ्या तबकडीवर मात्र ओरखडे आहेत आणि तिसरा अंक कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचला जात नाही. तिची दुसरी प्रत आम्ही अजून शोधत आहोत.