पगाराचा आकडा प्रथम कोणी सांगावा?

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराच्या ज्ञानाची आणि अनुभवाची पारख होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या पारखीच्या आधीच, भरती करणाऱ्या मध्यस्थाच्या पहिल्या दूरध्वनीवर, दोन प्रश्न विचारले जातात : सध्या पगार किती आणि अपेक्षा किती? वरवर पाहता प्रश्न साधे आहेत. परंतु पुढील कित्येक वर्षांच्या मिळकतीचा पाया या उत्तरांवर रचला जातो, आणि ती उत्तरे उमेदवाराला अंधारात ठेवूनच मागितली जातात.

जागा भरावयाची ठरते तेव्हा तिच्यावर किती खर्च करावयाचा, याचा हिशेब आस्थापनेने बहुधा केलेला असतो. एका पक्षाला आकडा ठाऊक असतो. दुसऱ्याने तो अंदाजाने सांगावयाचा असतो. कमी सांगितला तर उमेदवार स्वतःच आपले मोल उतरवितो, अधिक सांगितला तर अर्ज बाजूला पडतो. याला वाटाघाट म्हणणे कठीण आहे. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत पदासोबत वेतनश्रेणी छापलेली असते आणि तेथे कोणावर असा प्रसंग येत नाही.

मागील पगाराचा प्रश्न तर अधिकच अन्यायकारक ठरतो. जिल्ह्याच्या गावी अल्प वेतनावर उमेदीची वर्षे काढलेला अभियंता पुण्यात आला, किंवा मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे घरी राहिलेली स्त्री पुन्हा नोकरी शोधू लागली, की जुना आकडा त्यांच्या मागे लागतो. काम नवे, जबाबदारी नवी. मोजमाप मात्र जुन्या पगारावर काही टक्के वाढ, एवढेच. एकदा झालेला अन्याय अशा रीतीने पुढल्या प्रत्येक नोकरीत वारशासारखा चालत राहतो.

अपेक्षा जुळत नसतील तर दोघांचाही वेळ वाया जातो, असे मालकपक्षाचे म्हणणे असते. ते खोटे नाही. परंतु तो वेळ वाचविण्याचा सरळ मार्ग जाहिरातीतच वेतनमर्यादा छापणे हा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून, नोकरी देऊ करण्यापूर्वी मागील पगार विचारण्यास मनाई केली. २०१८ पासून ती अमलात आली. कोलोरॅडोत २०२१ पासून जाहिरातीत वेतन नमूद करावे लागते. युरोपीय संघाने २०२३ साली संमत केलेल्या निर्देशात या दोन्ही तत्त्वांचा अंतर्भाव असून, सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत घालून देण्यात आली. भारतात १९७६ च्या समान वेतन कायद्याचे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले खरे. परंतु मागील पगार विचारण्यास मज्जाव करणारी तरतूद तिच्यात नाही.

तोवर उमेदवाराने सावधपणे वागणे श्रेयस्कर. या जागेसाठी कोणती मर्यादा ठरली आहे, हे त्याने प्रथम नम्रपणे विचारावे. त्यात उद्धटपणा नाही. आग्रहच झाला तर त्याच स्वरूपाच्या कामाला त्या शहरात काय मिळते याची चौकशी करून, ज्याखाली जाणे परवडणार नाही अशा आकड्यापासून सुरू होणारी मर्यादा सांगावी. मागील पगार फुगवून सांगू नये. पगारपत्रके पुढे मागितली जातात आणि हाती आलेली नोकरी त्यापायी जाऊ शकते. आकडा वार्षिक ‘सीटीसी’चा की दरमहा हाती येणाऱ्या रकमेचा, हेही स्पष्ट करून घ्यावे. सीटीसीमध्ये भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बहुधा धरलेली असते. त्यामुळे बारा लाखांना बाराने भागून लाखाची आशा धरणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

मात्र उमेदवाराचे चातुर्य हा या प्रश्नाचा कायमचा तोडगा नव्हे. ज्याला बोलता येते त्याला अधिक आणि ज्याला घराची निकड आहे त्याला कमी, हा न्याय वेतनाला लावणे योग्य नाही. संसदेने संहितेत ही उणीव भरून काढावी. आस्थापनांना तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. पुढल्या जाहिरातीत एक ओळ अधिक छापली की पुरे.