कूलर, वाळवण आणि पाण्याच्या ड्रमांविरुद्धचे ठराव रद्द करा

बुलढाणा जिल्ह्यातील कॉलन्या, ले-आउट आणि गृहनिर्माण सोसायट्यांमधील रहिवाशांनो,

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव या शहरांच्या कडेची शेते एन.ए. होऊन तिथे ले-आउट पडले आणि गावात जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभे राहिले. घरांपाठोपाठ सोसायटीची कमिटी किंवा कॉलनीची समिती आली. नाल्या, दिवे, पाण्याची मोटर ही सामाईक कामे कोणीतरी पाहावीच लागतात. त्यामुळे या समित्या हव्यात, आणि त्यांत विनामोबदला राबणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण सूचना फलकावर आता निराळेच ठराव लागू लागले आहेत. रस्त्याकडच्या खिडकीत कूलर बसवू नये, गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, गच्चीवर वाळवण टाकू नये, दारापुढे ड्रम ठेवू नये, कंपाउंडच्या भिंतीवर पाटी लावू नये, आणि न ऐकल्यास दंड. कारण एकच सांगितले जाते: परिसराची शोभा. आमचे म्हणणे असे की, नियम धोक्यावर असावा, घाणीवर असावा, सामाईक जागा बळकावण्यावर असावा. केवळ दिसायला बरे वाटत नाही म्हणून शेजाऱ्याच्या घरातली जगण्याची सोय बंद करण्याचा अधिकार कोणत्याही कमिटीला नाही आणि नसावा.

हे ठराव कोणाला जड जातात ते आधी पाहू. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. बुलढाणा शहराची हवा एकेकाळी थंड म्हणून नावाजलेली होती, पण घाट उतरून मोताळा ओलांडला की मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे कूलर ही चैन नाही. ज्याला एअर कंडिशनर परवडतो त्याचेही यंत्र बाहेरच्या भिंतीवरच लटकते, पण ते आटोपशीर दिसते म्हणून त्यावर ठराव होत नाही. ठराव होतो लोखंडी स्टँडवरच्या, वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरवर. म्हणजे शोभेच्या नावाखाली प्रत्यक्षात वर्गवारी होते ती ऐपतीची. ड्रमांचेही तेच. आपल्या बहुतेक शहरांत नळ रोज येत नाही, कित्येक दिवसांआड येतो. येळगाव धरण आटू लागले की बुलढाणेकर आणि ज्ञानगंगेचा साठा खाली गेला की खामगावकर पाण्याच्या पाळ्या मोजू लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, तिथे पिण्याचे पाणी निराळे साठवावेच लागते. ज्याच्या बंगल्याखाली भूमिगत टाकी आहे त्याचे साठवलेले पाणी दिसत नाही. ज्याच्याकडे ती नाही त्याचा निळा ड्रम दारात दिसतो. साठवण दोघांचीही तीच, नोटीस मात्र एकालाच मिळते.

वाळवणाच्या बंदीत तर घरातल्या बाईच्या कामावरच घाला आहे. उन्हाळ्यात पापड, कुरडया, मूगवड्या, बिबड्या यांचे वर्षभराचे वाळवण गच्चीवरच होते. कित्येक घरांत ते विकण्यासाठीही केले जाते, बचत गटांचा तो हक्काचा हंगाम असतो. गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक जागा आहे, कमिटीची खासगी मालमत्ता नाही. वापरावरून वाद होत असेल तर दिवस वाटून द्यावेत, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा मोकळी ठेवायला सांगावे. बंदी हा वाद मिटवण्याचा मार्ग नाही, एका बाजूला गप्प बसवण्याचा आहे. शिलाईची किंवा शिकवणीची छोटी पाटी काढायला लावणेही असेच. २०२० साली राज्य सरकारने लागू केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली राहत्या विभागातही शिवणकाम, भरतकाम यांसारखे घरच्या माणसांनी चालवलेले पारंपरिक गृहोद्योग मान्य करते. राज्याला जे चालते ते कॉलनीच्या समितीला का खुपावे, याचे उत्तर आम्हाला आजवर कोणत्याही ठरावात सापडलेले नाही.

आता कायद्याचे पाहू, कारण बहुतेक रहिवासी कायद्याच्या धाकानेच गप्प बसतात. नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. संस्थेचा कारभार उपविधींप्रमाणे चालतो, आणि उपविधींतली कोणतीही दुरुस्ती निबंधकाकडे नोंदली जाईपर्यंत वैध होत नाही. कमिटीच्या मासिक बैठकीत सुचलेली, वहीत लिहिलेली आणि व्हॉट्सअॅपवर टाकलेली बंदी म्हणजे उपविधी नव्हे. दंडाची आकारणीसुद्धा सर्वसाधारण सभेने ठरवायची असते आणि सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. ज्या कॉलनीत नोंदणीकृत संस्थाच नाही, फक्त भूखंडधारकांनी मिळून केलेली समिती आहे, तिथे तर प्रश्न आणखी सरळ आहे. तुमच्या मालकीच्या प्लॉटवर बांधकाम कसे असावे हे नगरपरिषद किंवा संबंधित नियोजन प्राधिकरण ठरवते. समिती विनंती करू शकते, वर्गणी मागू शकते, पण दंड लावू शकत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. संस्थेत येताना सभासदाने उपविधी मान्य केलेले असतात, मग तक्रार कशाची? सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला आणि उपविधी सभासदांना बांधून ठेवतात असे सांगितले. हा निकाल आम्हाला पटत नाही, पण तो निकाल आहे. मात्र त्यातून निघते एवढेच की, रीतसर नोंदलेला उपविधी बांधतो. न नोंदलेला ठराव बांधतो असे त्यातून निघत नाही. आणि बहुमताला मर्यादा नाहीत असेही नाही. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांकडून संस्था बहुमताच्या जोरावर वाटेल तेवढे बिनभोगवटा शुल्क घेत होत्या. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर आणून ठेवले. संस्था न्यायालयात गेल्या आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची मर्यादा कायम केली. सभेत हात वर झाले म्हणून अल्पसंख्य सभासदाला पिळता येत नाही, हे महाराष्ट्रात ठरून गेलेले आहे.

घरमालकांच्या संघटना आणि त्यांचे देखाव्याचे नियम सर्वांत जास्त वाढले ते अमेरिकेत. आपल्याकडच्या नव्या टाऊनशिपच्या जाहिराती त्याच चित्रावर बेतलेल्या असतात, म्हणून तिथे पुढे काय झाले हे माहीत असलेले बरे. तिथल्या वस्त्यांच्या करारांत पूर्वी काळ्या माणसाला घर विकू नये अशी कलमे असत. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात, अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. वस्तीचा दर्जा राखण्याच्या भाषेतून माणसे दूर ठेवता येतात, हे त्या देशाने भोगले आहे. आपल्याकडे आडनाव विचारून, स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारून घर नाकारले जाते, तेव्हा तोंडी भाषा हीच असते, ‘आपल्या कॉलनीचं वातावरण’. पुढे कपड्यांच्या दोरीवरही तिथे इतके निर्बंध आले की फ्लोरिडा राज्याने १९८० मध्ये कायदा करून दोरी आणि सौर यंत्रे यांवरच्या बंदीला मनाई केली. कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला तेव्हा २०१४ मध्ये विधिमंडळाला सांगावे लागले की, पाणी वाचवण्यासाठी हिरवळ वाळू देणाऱ्या घरमालकाला त्या काळात संघटनेने दंड करू नये. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत त्या जिल्ह्याने हा धडा पुन्हा पैसे मोजून शिकण्याची गरज नाही. छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्र सरकार २०२४ पासून ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देते, तेव्हा इमारतीच्या समोरून पॅनेल दिसते म्हणून सभासदाला परवानगी अडवणे आम्हाला समजूच शकत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. कूलर, दोऱ्या, ड्रम दिसले की घरांच्या किमती पडतात, असे म्हणतात. आपल्या जिल्ह्यात घर घेणारा माणूस काय विचारतो? एन.ए. झाले आहे का, ले-आउट मंजूर आहे का, नळ आहे का, रस्ता डांबरी आहे की पावसाळ्यात चिखल, नाली कुठे जाते. भाव या उत्तरांवर ठरतो. आणि खरोखर वस्ती विद्रूप करणाऱ्या गोष्टींकडे पाहा. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. ती जागा मुलांची, म्हाताऱ्यांची, झाडांची. कितीतरी ले-आउटमध्ये तीच ओपन स्पेस कुंपण घालून कोणाच्या तरी ताब्यात गेलेली दिसते, किंवा तिथे परवानगीवाचून सभामंडप उभा राहिलेला दिसतो. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयालाही देता येत नाही असे ठरवले. सार्वजनिक जागांवर विनापरवाना नवे प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा आदेश त्याच न्यायालयाने २००९ मध्ये दिला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स विजेच्या खांबाखांबावर लटकतात, त्यांसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. यांपैकी कशावर आपल्या समितीने कधी ठराव केला? ज्याच्यामागे वजन आहे त्याचा फ्लेक्स राहतो आणि विधवा बाईची शिलाईची पाटी उतरते. आमचा राग या विषमतेवर आहे.

शेगावचे उदाहरण हटकून दिले जाते. संत गजानन महाराज संस्थानची स्वच्छता आणि शिस्त जिल्ह्याचा अभिमान आहे, यात शंका नाही. पण ती उभी आहे सेवाधाऱ्यांच्या श्रमांवर. तिथे झाडू सामाईक जागेवर फिरतो. ज्या कमिटीला शेगावचा आदर्श हवा आहे तिने आधी जिना, नाली आणि ओपन स्पेस झाडून घ्यावी.

नियमच नकोत असे आम्ही म्हणत नाही. अपार्टमेंटची बाहेरची भिंत सामाईक असते आणि तीत फेरफार करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी, हे उपविधींत आहे आणि ते योग्यच आहे. येण्या-जाण्याच्या वाटेवर डोक्यावर लटकणारा गंजका कूलर धोक्याचा आहे. अर्थिंग नसलेल्या कूलरचा शॉक जीव घेतो. उघड्या ड्रमात डेंग्यूचे डास होतात. जिन्यात ठेवलेले सामान आग लागली तर वाट अडवते. यांवर कडक नियम करा, आम्ही पाठीशी उभे राहू. पण मग नियम असा हवा की, कूलरचा स्टँड अमुक जाडीच्या लोखंडाचा असावा, अर्थिंग तपासून घ्यावे, ड्रमाला झाकण असावे, आणि तो बंगलेवाल्याला आणि एका खोलीत राहणाऱ्याला सारखाच लागू असावा.

सहकार कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. या वर्षीच्या सभेला घरातल्या कर्त्या पुरुषाला एकट्याला पाठवू नका. जिच्या नावावर घर आहे त्या बाईने स्वतः यावे, बोलावे आणि मत द्यावे. शोभेच्या नावावर झालेला प्रत्येक ठराव वाचून दाखवायला सांगा, तो उपविधींत नोंदला आहे का ते विचारा, आणि नसेल तर तो रद्द झाल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या. बेकायदा दंड भरू नका. लेखी हरकत द्या, तिची पोच घ्या, आणि दाद मिळाली नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा बुलढाण्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करा. आपल्या ले-आउटचा मंजूर नकाशा नगरपरिषदेतून माहितीच्या अधिकारात मागवा आणि ओपन स्पेस कुठे आहे ते सभेत सर्वांना दाखवा. हे पत्रक वाचून झाले की शेजारच्या घरी द्या, भाडेकरूच्या घरीही.